ऑपरेशननंतर मळमळतंय? पोट नको, मनगट धरा

पेशंट थिएटरमधून वॉर्डात येतो, अर्धवट गुंगीत "मळमळतंय" म्हणतो आणि जवळच्या माणसाचा हात आपसूक त्याच्या पोटाकडे जातो. तिथंच मी अडवते. पोस्ट-ऑप वॉर्डात नर्स आहे मी, हे रोज बघते. ताज्या टाक्यांचं पोट चोळायचं नाही. पोटऱ्याही नाहीत, कारण पडून राहिलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी झालेली असली, तर चोळल्यानं ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

मनगट मात्र धरा. त्याच्या आतल्या बाजूला एक बिंदू आहे, तो दाबल्यानं मळमळ कमी व्हायला मदत होऊ शकते. आधी सिस्टरांना मळमळीचं सांगा. ऑनडान्सेट्रॉनसारखं मळमळ थांबवणारं इंजेक्शन लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. मालिश त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

जागा नेमकी सापडणं हे निम्मं काम. पेशंटचा तळवा वर करा. मनगटावरच्या घडीपासून कोपराच्या दिशेनं त्याचीच तीन बोटं आडवी मोजा: अनामिका घडीला टेकवायची, तर्जनीच्या पलीकडच्या कडेला थांबायचं. त्याचीच बोटं, तुमची नाहीत! दणकट हाताचा मुलगा आपल्या बोटांनी आईचा हात मोजतो आणि भलताच वर जाऊन दाबत बसतो. आता मूठ हलकी मिटून मनगट जरा आत वळवायला सांगा. मधोमध दोन दोऱ्या उठतात, त्यांच्यामधली खाच म्हणजे आपली जागा. काहींच्या हाताला त्यातली एक दोरी जन्मतःच नसते. "सिस्टर, मला नाहीच की!" म्हणून काकू घाबरतात. काही बिघडत नाही, मनगटाची मधली रेघ धरायची.

नखं कापलेली हवीत. अंगठा सरळ खाली टेकवा, जाणवेल पण दुखणार नाही इतपत दाबा आणि जागचा न हलवता छोटी गोल वर्तुळं काढा. दोन-तीन मिनिटं एका हाताला, मग दुसऱ्या. पुन्हा मळमळलं की पुन्हा. बोटांना मुंग्या आल्या तर दाब कमी करा, खालून नस जाते. काळजीच्या भरात माणसं फार जोरात दाबतात. जोर लावून गुण वाढत नाही. दाबताना पेशंटला सावकाश श्वास घ्यायला सांगा, डोकं फार हलवू देऊ नका आणि शेजारी बसून गप्पा कमी करा.

सलाईन लावलेला हात सोडून द्या. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशननं जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेला, काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा, सुजलेला हातही नको.

उपयोग होतो का? 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (आधी झालेल्या चाचण्या एकत्र तपासून केलेला अभ्यास) 59 चाचण्या आणि साडेसात हजारांवर पेशंट होते. खोट्या उपचारापेक्षा या बिंदूवर मळमळ आणि उलट्या दोन्ही कमी दिसल्या. पण त्यात सुया, पट्टे, विजेचे हलके झटके असं सगळंच होतं, आणि पुरावा कमी दर्जाचा आहे असं लेखकांनीच लिहिलंय. मला तेवढं पुरतं. करून बघण्यात धोका जवळजवळ नाही.

ज्यांना गाडी लागते किंवा मागच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या, ज्या बायका आहेत, जे सिगारेट ओढत नाहीत (हो, न ओढणाऱ्यांनाच त्रास जास्त), ज्यांना नंतर मॉर्फिनसारखी औषधं लागणार आहेत, त्यांनी भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. चारही गोष्टी जुळल्या तर मळमळ-उलटीची शक्यता 80 टक्क्यांच्या आसपास जाते. अशांना याच बिंदूवर दाब देणारा, मनगटावरचा गोटीवाला पट्टा भूल देण्याआधीच बांधता येतो, तेही विचारून.

उमासा आलाच तर दाबणं थांबवा. पेशंटला कुशीवर वळवा, किडनी ट्रे तोंडाशी धरा. पोटाचं ऑपरेशन असेल तर टाक्यांवर उशी धरून आधार द्या. उलटीत रक्त किंवा हिरवं पाणी दिसलं, पोट फुगून टणक झालं, पेशंट हाक मारूनही नीट जागा होईना, तर मनगट सोडा आणि बेल दाबा.