खड्ड्यात गाडी आदळल्यावर: अलाइनमेंटच्या आधी काय तपासायचं

गाडी खड्ड्यात आदळली की काही जण काहीच करत नाहीत, काही जण थेट अलाइनमेंट (चाकांचे कोन यंत्रावर मोजून जुळवणं) करून घेतात. दुसरी चूक मी स्वतः केली आहे. सहा महिन्यांत दोनदा अलाइनमेंट केली. दोन्ही वेळा यंत्राच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे, आणि तरीही पुढचा डावा टायर आतल्या बाजूने खातच राहिला. शेवटी एका अनुभवी मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या) बुशजवळ, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीजवळ, पहार अडकवून दाब दिला आणि फाटलेलं रबर दाखवलं. उभ्या गाडीत ते चाक जागेवर असायचं, ब्रेक मारला की मागे सरकायचं. यंत्र मोजतं ते उभ्या गाडीचं, म्हणून त्याला काही सापडत नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी टायर आणि रिम, मग सांधे आणि बुश, आणि अलाइनमेंट अगदी शेवटी.

कोणता धक्का कुठे बसतो

चाक खड्ड्यात उतरताना फारसं बिघडत नाही. खरा मार बसतो तो बाहेर पडताना, समोरच्या धारदार कडेवर. टायर ती कड आणि रिम यांच्यात चिमटतो. टायरची बाजूची भिंत जितकी बुटकी, तितकी मधली उशी पातळ. टायरवर 165/80 आर 14 असं लिहिलं असेल तर ही भिंत 132 मिलीमीटर उंच असते; 215/45 आर 18 असेल तर जेमतेम 97. मोठ्या रिम दिसायला देखण्या असतात, पण खराब रस्त्यावर त्याच आधी वाकतात.

फुटपाथच्या कडेला चाक घासलं किंवा आदळलं तर धक्का बाजूने येतो. तो सोसण्यासाठी स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड बनलेला नसतो. बारीक दांडा, थोडासा वाकला तरी चाकाची दिशा बदलते. गतिरोधकावरून वेगात गेलं की शॉकअप (धक्के शोषणारा भाग) पार तळाला जाऊन आपटतो. काही जण एक-एक चाक चढवत गतिरोधक तिरका ओलांडतात. गाडी खालून घासत नसेल तर तसं करू नका, कारण त्यात दोन बाजू वेगवेगळ्या वर-खाली होतात आणि स्टॅबिलायझर लिंकवर (दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर) ताण येतो. सरळ आणि सावकाश ओलांडलेलं बरं.

एक गोष्ट मात्र आधीच अंगवळणी पाडून घ्या. खड्डा टाळता येत नसेल तर आधी जोरात ब्रेक लावा, पण कड येण्याच्या क्षणभर आधी पाय उचला. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकतं, पुढच्या स्प्रिंग आधीच दबलेल्या असतात आणि चाकाला वर उचलायला जागा उरत नाही. वेग कमी करण्याला तर पर्यायच नाही: ताशी 60 किलोमीटरला गाडीत 30 च्या चौपट ऊर्जा असते. पाण्याने भरलेला खड्डा दिसला तर तो खोलच आहे असं धरून चाला.

पायरी 1: सुरक्षित जागी थांबून बघा

टायरच्या भिंतीवर फुगा आला आहे का, चीर पडली आहे का, हे आधी पाहा. फुगा म्हणजे आतले धागे तुटले आणि हवा फक्त रबराच्या भरवशावर उरली. याला पंक्चरचा पॅच चालत नाही. स्टेपनी लावा आणि तो टायर बाद करा. रिमची आतली कडही बघा. अनेकदा बाहेरून रिम चकचकीत असते आणि आतून चेपलेली. तिथे डोकं जात नाही, म्हणून मोबाइल चाकामागे धरून फोटो काढा.

पायरी 2: दुसऱ्या दिवशी हवा मोजा

टायर थंड असताना मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. एका टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला ओढते, आणि विनाकारण संशय अलाइनमेंटवर जातो. हवा भरून दोन-तीन दिवसांत पुन्हा उतरली तर रिमच्या कडेतून गळती असू शकते.

पायरी 3: चालवून लक्षणं ओळखा

मोकळा, सरळ, सपाट रस्ता निवडा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे थोडा उतार दिलेला असतो, त्यामुळे गाडी किंचित तिकडे सरकली तर घाबरू नका. सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहत असेल तर टाय रॉड वाकल्याची किंवा मागच्या चाकांची दिशा हलल्याची शंका घ्या. ताशी 80 ते 100 च्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी रिम आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का) बघा. त्याचा अलाइनमेंटशी सहसा संबंध नसतो. लहान उंचवट्यांवर टकटक आवाज येत असेल तर लिंक, बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) किंवा शॉकअपचा वरचा माउंट, म्हणजे तो जिथे बसवलेला असतो ती जागा. वळताना घुमणारा आवाज कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग.

पायरी 4: चाक हलवून प्ले (सैलपणा) तपासा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा. जॅकने उचलल्यावर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात किंवा डोकं कधीही घालू नका. घड्याळाच्या 12 आणि 6 च्या जागी धरून चाक हलवा. खटखट लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. 9 आणि 3 च्या जागी धरून हललं तर बहुतेक टाय रॉड एंड. तीच चाचणी दुसऱ्या बाजूच्या चाकावर करा. निरोगी बाजू कशी लागते हे हाताला कळल्याशिवाय फरक समजत नाही.

पायरी 5: लिफ्टवर खालून पाहणी

हे काम गॅरेजमध्येच होईल. पहार अडकवून बुश दाबून दाखवायला सांगा. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का, स्प्रिंगचं वेटोळं तुटलंय का, ॲक्सलचं रबरी बूट (सांध्यावरचं आवरण) फाटलंय का, हे स्वतः वाकून बघा. शॉकअप बदलायचे ठरले तर एका ॲक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही बदला. एक नवा आणि एक थकलेला असला की ब्रेक मारताना गाडी डोलते.

पायरी 6: आता अलाइनमेंट

टो म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर. कँबर म्हणजे समोरून पाहताना चाक किती कललंय. कास्टर म्हणजे बाजूने पाहताना स्टिअरिंगच्या आसाचा कल. आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे छापून मागा. अनेक गाड्यांत फक्त टो बदलता येतो. तिथे एका बाजूचा कँबर दुसऱ्यापेक्षा बराच वेगळा आला तर काहीतरी वाकलेलं आहे. “कँबर ॲडजस्ट होत नाही, चालेल” या उत्तरावर गाडी घेऊन निघू नका. वाकलेला भाग शोधायला लावा. टाय रॉड किंवा लोअर आर्म बदलला असेल तर अलाइनमेंट नव्याने करावीच लागते.

चाकं काढली असतील तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्या. महिन्याभराने टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो अजून चुकलेला आहे. आकड्यांचा कागद घेऊन परत जा.