सिग्नल पूर्ण, तरी नेट बंद: छपरावरच्या रेडिओचे पत्ते तपासताना

खानापूर किंवा निपाणीकडच्या वाडीत छपरावरच्या रेडिओला (टॉवरवरून बिनतारी इंटरनेट घेणारा अँटेना) सिग्नल चांगला असतो, तरी मोबाइलवर काहीच उघडत नाही. लगेच खांबावर चढू नका, आधी आयपी, म्हणजे उपकरणांचे नेटवर्कमधले आकडी पत्ते बघा.

घरच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (रेडिओच्या म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता) वाचा. तिथे नुसती शून्यं असतील तर रेडिओकडून पत्ताच येत नाही. पीओई अडॅप्टरकडून (रेडिओला केबलमधूनच वीज देणारा डबा) आलेली तार राउटरच्या वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लागली आहे का पाहा. हे फार वेळा होतं.

वॅन आणि लॅन (घरातल्या बाजूचा पत्ता) दोन्ही १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर मेख तिथेच. दोन्ही बाजूंना एकच जाळं दिसल्यावर पॅकेट (डेटाचा तुकडा) कुठे पाठवायचं हे राउटरला ठरवता येत नाही. लॅन १९२.१६८.५०.१ करा, सबनेट मास्क (जाळं किती मोठं ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० ठेवा, राउटर रीस्टार्ट करा.

नेट चालतं, पण गोठ्यातला कॅमेरा बाहेरगावाहून दिसत नाही? रेडिओ राउटर मोडमध्ये असेल तर नॅट (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलणं) दोनदा होतं, एकदा रेडिओत आणि एकदा राउटरमध्ये. तो ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे पत्ते न बदलता डेटा नुसता पुढे पाठवेल. त्याआधी रेडिओतलं पीपीपीओई (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या; ते आता राउटरमध्ये भरायचं आहे. रेडिओचा स्वतःचा आयपीही टिपून ठेवा, नाहीतर पुढे त्याचं सेटिंगचं पान सापडणार नाही. तो १९२.१६८.१.२० असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५० देऊन थेट केबलने जोडा.

एवढं करूनही वॅन १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला, तर नॅट इंटरनेट कंपनीकडे होतंय. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडे वळवायची राउटरमधली सेटिंग) वेळ घालवू नका, कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता मागा.