जुन्या गाडीच्या डिक्कीत पाणी येतंय? आधी वाट शोधा, सीलंट नंतर

पावसाळ्यात जुन्या गाडीची डिक्की उघडली की कुबट वास येतो, मॅट खालून ओलं लागतं आणि स्टेपनी उचलली तर खाली चक्क तळं साचलेलं असतं. मग बहुतेक जण दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरून घेतात आणि पुढच्या मोठ्या पावसात परत तेच. पाणी जिथे साचतं तिथूनच आत शिरतं असं नाही हो, ते वरून कुठून तरी येतं, पत्र्याच्या कडेकडेने, वायरिंगवरून ओघळत सगळ्यात खोलगट जागी म्हणजे स्टेपनीच्या खड्ड्यात जाऊन बसतं.

तर आधी डिक्की पूर्ण रिकामी करा, मॅट, पुठ्ठा, स्टेपनी, जॅक आणि बाजूची ट्रिमसुद्धा (आतल्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण) काढा (प्लास्टिकच्या क्लिपा जुन्या झाल्या की तुटतातच, थोड्या जास्तीच्या आणून ठेवा). सगळं कोरडं पुसा आणि टॉर्च घेऊन निवांत बघा. पावसाचं पाणी वाळलं की मातीची बारीक तपकिरी रेघ मागे राहते, ती रेघ बोटाने वर वर शोधत गेलात की बऱ्याचदा उगम तिथेच सापडतो.

नाही सापडला तर पाण्याची टेस्ट. कोरड्या जागी टिश्यू पेपर पसरा, डिक्की लावा आणि साध्या पाइपने हलकं पाणी सोडा, प्रेशर वॉशर अजिबात नको, त्याने पाणी नको तिथेही घुसतं आणि उगाच दिशाभूल होते. सुरुवात खालून, आधी बंपरच्या वरचा भाग, मग टेललाइट, मग डिक्कीची कड, शेवटी मागची काच आणि छत. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबून टिश्यू बघायचा. एकदम सगळीकडे पाणी मारलं तर काहीच कळणार नाही. मागची सीट फोल्ड होत असेल तर दुसऱ्या कोणाला सीटवरून टॉर्च मारून बघायला सांगा, पण बंद डिक्कीत कोणाला बसवू नका.

पहिला संशय टेललाइटवर घ्या. आतले नट काढून लाइट बाहेर ओढलात की मागे फोमचं गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) दिसेल, ते जुनं झालं की बोटाने चुरा होतं. जुना चिकटा साफ करून नवीन गॅस्केट बसवा, नाही मिळालं तर ब्युटिल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी), आणि नट अति आवळू नका, प्लास्टिक तडकतं.

दुसरं म्हणजे डिक्कीच्या कडेचं रबराचं बीडिंग. कडेत कागदाची पट्टी धरून डिक्की लावा आणि ओढा, सहज निसटली तर तिथे दाब पडत नाहीये. मग बीडिंग बदला, किंवा आधी लॉकचा हूक थोडा खाली घेऊन बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

मागून कधी ठोकलेली गाडी असेल तर पत्र्याचे जोड नक्की बघा, डेंटिंगनंतर तिथलं सीलर परत लावायचं राहून जातं. नंतर सीएनजी बसवला असेल तर ब्रॅकेटच्या बोल्टची भोकंही बघा, चाकाने उडवलेलं पाणी तिथून वर येतं, पण ते बोल्ट स्वतः खोलू नका, किट बसवणाऱ्याकडेच न्या. आणि हॅचबॅकमध्ये पाऊस नसतानाही ओल आली तर मागच्या काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरची नळी सुटलीय का बघा.

पत्र्याच्या जोडाला पीयू (पॉलीयुरेथेन) सीम सीलर, म्हणजे जोड बंद करायची पेस्ट, वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर नको, त्यातल्या ॲसिडने गंज धरतो. गंज आधीच असेल तर वायर ब्रश, मग प्रायमर, मग रंग, ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर सीलर टिकतच नाही.

स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाचा रबरी प्लग काढून पाणी वाहून जाऊ द्यायचं हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, पाणी काढून झालं की प्लग परत बसवा, नाहीतर त्याच भोकातून सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वासच नसतो.

सगळं झाल्यावर मॅट लगेच टाकू नका. दोन-चार जोराचे पाऊस जाऊ द्या, खड्ड्यात वर्तमानपत्र घालून ठेवा, ते कोरडं राहिलं की मग कडक उन्हात वाळवलेलं मॅट परत बसवा.