प्रवास विमा घेताना जुनी दुखणी लपवू नका

प्रवास विम्याच्या फॉर्ममध्ये ‘आधीपासून काही आजार आहे का?’ हा प्रश्न येतो आणि बरेच जण घाईत ‘नाही’वर टिक करतात. बीपीची गोळी रोज चालू असते, पण बीपी नॉर्मल आहे, मग आजार कसला, असं वाटतं. विमा कंपनीच्या लेखी मात्र गोळीने आटोक्यात असलेला आजार हाही आजारच. मधुमेह, थायरॉईड, दमा, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं लिहा. डॉक्टरांनी सांगितलेली पण अजून न केलेली तपासणीसुद्धा लिहा. ही हमखास राहून जाते.

क्लेम आला की कंपनी जुने कागद मागवते. परदेशातल्या डॉक्टरने केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून बीपी’ असं लिहिलं आणि फॉर्मवर ‘नाही’ असेल, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. बिल मग स्वतःच्या खिशातून.

फॉर्म भरताना औषधांची चिठ्ठी समोर ठेवा. एजंट भरत असेल तर सबमिट करण्याआधी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा, कारण सही तुमची असते. आई-वडिलांसाठी विमा काढताना तर त्यांना शेजारी बसवूनच भरा.

आजार सांगितला म्हणजे तो कव्हर झालाच, असं नाही. काही पॉलिसी जास्त प्रीमियम घेतात, काही फक्त जिवावर बेतलं तरच खर्च देतात. नेमकं काय मिळणार, ते ईमेलवर लेखी घ्या. पॉलिसी घेतल्यानंतर आणि निघण्याआधी औषध बदललं किंवा नवीन निदान झालं, तर तेही कंपनीला कळवा.