ओव्हरफ्लोची लेव्हल खाली आणायची असेल तर

फिश टँकमधल्या पाण्याची लेव्हल ठरते ती ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर नेणाऱ्या बॉक्सच्या) कंगव्यावर, म्हणजे काठावरच्या खाचांच्या पट्टीवर, आतल्या उभ्या पाईपवर नाही. पाईप कापलात तर फक्त बॉक्समधलं पाणी उतरतं आणि वरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज वाढतो. म्हणून खाचा खोल करायच्या. पंप बंद करा, पाणी कंगव्याच्या बरंच खाली घ्या, मार्करने सरळ रेघ मारा आणि बारीक कानसीने थोडं थोडं घासत जा, घाई अजिबात नको कारण घासलेलं अ‍ॅक्रिलिक परत येत नाही, आणि एक जरी खाच जास्त खोल गेली तर तिथूनच जास्त पाणी पळतं. भुसा ओल्या कपड्यावर घ्या. सम्प, म्हणजे ओव्हरफ्लोचं पाणी जिथे जातं ती खालची टाकी, विसरू नका हं, १०० बाय ५० सेंमीच्या टँकमध्ये २ सेंमी लेव्हल उतरली की १० लिटर पाणी तिकडे जातं, तेवढं आधीच काढून ठेवा. सम्पमधून पाणी परत टँकमध्ये आणणाऱ्या रिटर्न पाईपचं तोंडही नव्या लेव्हलच्या जरासं खाली वळवा.