वचन पाठ, पण 'आधी' गाळलेलं: ख्रिस्ती शिकवण रोजच्या जगण्यात आणताना या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी एका छोट्या बायबल अभ्यास गटाचं काम पाहतो. आठवड्यातून एकदा आठ-दहा जण जमतो, एक उतारा वाचतो आणि हे घरी, कामावर, पैशाच्या व्यवहारात कसं पाळायचं यावर बोलतो. माणसं बदलत राहतात, चुका मात्र त्याच. मनात खोट असते म्हणून त्या होतात असं नाही. वचन तोंडपाठ असतं, पण त्यातला 'आधी' हा शब्द गाळलेला असतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशू क्रम लावून देतो: आधी भावाशी समेट कर, मग येऊन वेदीवर अर्पण वाहा. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ तुला नीट दिसेल. आपण थेट 'मग'वर उडी मारतो.

दुसऱ्याला क्षमा करायला लावणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आमच्या गटात एक ताई होत्या. गटातल्याच एकाने त्यांच्याकडून मोठी रक्कम उसनी घेतली होती आणि दोन वर्षं तो आज देतो, उद्या देतो म्हणत होता. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. एका संध्याकाळी मी मत्तयाच्या शुभवर्तमानातला क्षमेबद्दलचा अठरावा अध्याय वाचला, सगळ्यांसमोर दोघांना उभं केलं आणि हात मिळवायला सांगितलं. ताईंनी पर्सचा पट्टा बोटांभोवती घट्ट गुंडाळून ठेवला होता. तो त्यांनी सोडवला, हात पुढे केला, 'क्षमा केली' म्हणाल्या, खाली बसल्या आणि पट्टा पुन्हा गुंडाळला. ते मला दिसलं होतं. पण समेट झाला या आनंदात मी तिकडे काणाडोळा केला आणि प्रार्थना करून सभा संपवली.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाही. सहा महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "क्षमा मी केव्हाच केली होती, भाऊ. ते पैसे कशाचे होते, हे मला कुणी विचारलंच नाही." ते मुलीच्या फीचे पैसे होते. मुलीचं एक वर्ष वाया गेलं होतं.

घरी येऊन मी तोच अध्याय पुन्हा वाचला. दहा हजार तालांतांचं कर्ज माफ झालेला चाकर शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो, तो दृष्टान्त. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत साधारण सहा हजार दीनारांचा, म्हणजे चाकराचं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं आणि सोबत्याचं तीनेक महिन्यांच्या. हे आकडे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. पण दृष्टान्त येशूने कुणाला सांगितला, तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. 'मी किती वेळा क्षमा करू?' असं येशूचा शिष्य पेत्र याने स्वतःविषयी विचारलं होतं, त्याला दिलेलं ते उत्तर आहे. ते मी एका नाडलेल्या बाईच्या अंगावर फेकलं आणि ज्याने नाडलं त्याला एका शब्दानेही टोकलं नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात तर स्पष्टच आहे: भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर.

पश्चात्ताप म्हणजे काय, ते जक्कय नावाच्या जकातदाराकडून शिकावं. येशू त्याच्या घरी आला तेव्हा तो नुसतं 'चुकलो' म्हणून थांबला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो, असं त्याने उभं राहून सांगितलं. जुन्या करारातल्या लेवीयच्या सहाव्या अध्यायातला नियमही हिशोबाचाच आहे: घेतलेलं पूर्ण परत करायचं आणि वर एक पंचमांश घालायचा.

त्यानंतर मी त्या गृहस्थाकडे गेलो. एकटाच. वहीत रकाने आखून आम्ही हप्ते ठरवले आणि अकरा महिन्यांत सगळी रक्कम फिटली. ताई अजूनही गटात येत नाहीत. परत या, असं म्हणायचा हक्क मी गमावला आहे. आता माझा नेम असा: भांडण कानावर आलं की ज्याच्याकडे देणं आहे त्याच्याकडे आधी जायचं. ज्याचं गेलं आहे त्याला क्षमेचं वचन मी ऐकवत नाही, फक्त काय गेलं ते विचारतो. आणि घरात मारहाण होत असेल, तर क्षमेचा विषय काढूच नका. आधी त्या व्यक्तीला सुरक्षित जागी हलवा आणि पोलिसांची मदत घ्या. क्षमा म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे.

'प्रार्थनेचा विषय' म्हणून चुगली करणं

'अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा, सध्या नवरा-बायकोचं बरं नाही.' व्हॉट्सॲपच्या प्रार्थना गटात असा मेसेज पडला की पुढच्या तासाभरात मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. याची मला मनापासून चीड येते, कारण इथे प्रार्थनेच्या पवित्र नावाआडून चुगली चालते. मत्तय १८:१५ मध्ये क्रम आहे: भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जाऊन, दोघंच असताना बोल. ऐकलं नाही तर एका-दोघांना सोबत ने. मंडळी त्याच्याही नंतर. माझी सवय सांगतो. त्या माणसाची परवानगी नसेल तर त्याचं नाव मी देवासमोर घेतो, माणसांसमोर नाही.

'न्याय करू नका'चा ढालीसारखा वापर

कुणी हिशोबात गडबड केली आणि विचारणा झाली की लगेच मत्तय ७:१ पुढे येतं. पण पाचव्या वचनापर्यंत वाचा. मुसळ काढल्यावर कुसळ काढायचंच आहे, ते तसंच राहू द्यायला सांगितलेलं नाही. योहान ७:२४ मध्ये तर 'तोंडदेखला न्याय करू नका, यथार्थ न्याय करा' अशी आज्ञा आहे. वचन दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरलं जातं, तेव्हा वापरणाऱ्याला काहीतरी झाकायचं असतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरा गाल म्हणजे गप्प बसणं

कुणी उजव्या गालावर मारलं तर दुसरा गालही पुढे कर, असं येशू म्हणतो. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा फिरवावा लागतो. तो अपमान करणारा फटका. त्यावर सूड घेऊ नकोस, हे येशूचं सांगणं. पण प्रमुख याजकासमोर शिपायाने चपराक मारली तेव्हा येशू स्वतः गप्प बसला नाही. "मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?" असं त्याने विचारलं (योहान १८:२३). फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा तो म्हणाला, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. कामावर अन्याय झाला तर लेखी तक्रार करा. शिवी देऊ नका, पण तक्रार जरूर करा.

काही छोट्या, पण नेहमीच्या चुका

दानाचा फोटो टाकणं. उजवा हात काय देतो ते डाव्यालाही कळू देऊ नको, हे मत्तय ६:३ वाचा आणि फोटो काढून टाका.

'मी खरं तेच बोलतो' म्हणत माणसं दुखावणं. इफिसकरांस पत्रात सत्याला प्रीतीची जोड दिली आहे, ती तोडू नका.

मंडळीच्या कामात बुडून घरच्या म्हाताऱ्यांना विसरणं. आईवडिलांच्या वाट्याचं 'कर्बान' म्हणजे देवाला अर्पण ठरवून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात कठोर शब्दांत सुनावलं आहे.

एका आठवड्यात संत व्हायची घाई

नवीन माणूस पहिल्या महिन्यात नियमांची लांबलचक यादी घेऊन येतो. रोज दोन तास प्रार्थना, राग बंद, टीव्ही बंद, पगाराचा अर्धा भाग दान. तिसऱ्या आठवड्यात सगळं कोसळतं आणि 'हे आपल्याला जमणारं नाही' म्हणून तो येणंच सोडतो. अशा यादीला मी साफ नकार देतो. येशूच्या दृष्टान्तातल्या चांगल्या शोमरोन्याकडे पाहा. वाटेवर जखमी पडलेल्या माणसाच्या त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. वाटेवरच्या सगळ्या जखमींचा भार त्याने घेतला नाही. पण समोर पडलेल्या एका माणसाचं काम त्याने शेवटपर्यंत नेलं.

म्हणून नवख्याला मी एकच काम देतो: ज्याच्याशी बिनसलं आहे, अशा एकाच माणसाचं नाव कागदावर लिहा आणि आपल्या बाजूने काय चुकलं ते त्याखाली एका ओळीत लिहा. त्याचं काय चुकलं ते लिहायचं नाही. मग सूर्य मावळण्याआधी त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.