कंबर धरलेल्या माणसाने समुद्रातले जीव कसे बघावेत

मी ३१ वर्षं बेळगाव–पणजी बस चालवली. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा घाट, साखळी. या वाटेवरचा प्रत्येक खड्डा माझ्या मणक्याला पाठ आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कमरेतली गादी सरकली आणि डाव्या पोटरीपर्यंत कळ जायला लागली. पणजीच्या स्टँडवर हजारो वेळा गाडी लावली, पण डॉल्फिन एकदाही बघितला नव्हता. निवृत्त झाल्यावर आधी तेच केलं, आणि चुकीच्या पद्धतीने केलं.

गोव्याच्या एका किनाऱ्यावरून आम्ही वेगाची बोट घेतली. चांगलं दिसेल म्हणून मी पुढे बसलो. बसमध्ये मागची सीट आपटते, कारण ती मागच्या चाकांच्याही मागे असते. बोटीचं उलटं आहे बघा. वेगात तिचं नाक, खलाशी ज्याला नाळ म्हणतात, ते उचललं जातं आणि लाटेवर आदळतं. बसलेल्या माणसाचा मणका तो दणका सरळ खालून घेतो. डॉल्फिन दिसला की बोट त्याच्यामागे सुसाट, तो बुडी मारून दुसरीकडे निघाला की पुन्हा वळण. तीन आठवडे मी अंथरुणावर होतो.

पुढच्या वर्षी हळू चालणारी मोठी लाकडी बोट शोधली. ठरवताना नावाड्याला स्पष्ट सांगितलं, "पाठलाग करायचा नाही, लांब थांबून इंजिन बंद करायचं." तो खूश झाला, डिझेल वाचतं. तुम्हीही हे आधीच बोलून घ्या, बोटीत चढल्यावर नको. गोव्याच्या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक पाठीवर उंचवटा असलेले, कुबडवाले डॉल्फिन. ते नदीच्या मुखाजवळ, उथळ पाण्यात मासे धरतात. फार उड्या मारत नाहीत. श्वासाला वर येतात, पाठ गोल फिरवतात, पुन्हा खाली. इंजिन बंद असलं तर आधी त्यांचा 'फुस्स' असा श्वास ऐकू येतो, मग पाठ दिसते. घाबरवलं नाही तर ते त्याच भागात बराच वेळ राहतात. जे त्यांना सोसतं तेच आपल्या कमरेलाही सोसतं, हे मला तिथे कळलं.

बसायचं ते मधल्या भागाच्या थोडं मागे. बूड टेकवून राहू नका. लाट येताना दिसली की दोन्ही पाय रोवून, गुडघे वाकवून, कठडा धरून किंचित उठा, धक्का मांड्या घेतात. "तो बघा!" अशी हाक आली की कंबर पिळू नका, पावलं वळवा. सगळं अंग एकदम वळलं पाहिजे. एक डॉल्फिन चुकला तर चुकू दे, दुसरा येईल. वेळ सकाळची, पहिली फेरी. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि लाट वाढते. जून ते सप्टेंबर तर विचारच सोडा.

बेळगावाहून घाटातून थेट जाऊन लगेच बोटीत चढू नका. रात्री मुक्काम करा. मी आता रेल्वेने लोंढा, दूधसागर करत मडगावला उतरतो. डब्यात उठून चालता येतं, हे बसमध्ये होत नाही.

मग मुलीने मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझचं तिकीट काढलं. डॉक्टरांना विचारूनच निघालो. पायातली ताकद कमी होत असेल, बसायच्या जागी बधिरपणा असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर जहाज नाही, आधी दवाखाना. उलटीच्या गोळीने झोप येते, स्नायू सैल करणारी गोळी सोबत असेल तर जास्तच. दोन्ही गोळ्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

खोली मागताना खालच्या मजल्याची, जहाजाच्या मधोमध मागा. तिथे हलणं सगळ्यात कमी. बॅग स्वतः उचलू नका, बंदरावरच ती कर्मचाऱ्यांकडे देता येते. रात्री उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्या.

जहाजावर सगळे सगळ्यात वरच्या डेकवर धावतात. मी खालचा, बाहेरून फिरता येणारा डेक धरला. पाणी जवळ असतं आणि उडते मासे तिथूनच दिसतात. जहाजाने पाणी कापलं की ते घाबरून बाहेर निघतात आणि पंखांसारखे पर पसरून लाटांवरून तरंगत जातात. जहाज दक्षिणेला चाललेलं असतं, म्हणून सकाळी उजवी बाजू धरा, दुपारनंतर डावी. ऊन पाठीशी राहतं, डोळ्यांवर चमक येत नाही. कठड्यावर ओणवं होऊ नका. एक पाय खालच्या दांडीवर ठेवून उभे राहा आणि थोड्या वेळाने पाय बदला. दुर्बीण सात पट मोठं दाखवणारी पुरे. त्याहून जास्त ताकदीची हलत्या जहाजावर थरथरते आणि मानेला जड होते. दुसऱ्या दिवशी स्पिनर डॉल्फिन दिसले, स्वतःभोवती गिरकी घेत उसळणारे. दर वीस मिनिटांनी मी चालून येत होतो, तरी ते चुकले नाहीत.

बेटावर उतरणं हा खरा अवघड भाग. मोठं जहाज खोल पाण्यात थांबतं आणि लहान बोटीत उतरावं लागतं. बोट लाटेवर वर येते तेव्हाच पाऊल टाकायचं. खलाशाला कंबर दुखते म्हणून आधीच सांगा, दोघं जण दंड धरतात. त्या दिवशी कळ असेल तर जहाजावरच थांबा, त्यात कमीपणा नाही.

काचेच्या तळाची बोट सोपी वाटते, पण तिथे अर्धा तास पुढे वाकून बघावं लागतं, आणि गादी सरकलेल्याला तेच सगळ्यात वाईट. मी लाइफ जॅकेट घालून खाजणाच्या, म्हणजे बेटालगतच्या प्रवाळाच्या कड्याआडच्या शांत पाण्यात उतरलो. तोंडाला मास्क, नजर सरळ खाली. मान वर करून पुढे बघितलं की कंबर कमानीसारखी होते आणि कळ येते. पाय जोरात मारायचे नाहीत. खाली समुद्रगवत होतं आणि एक हिरवं कासव ते चरत होतं, आपल्या गायी चरतात तसं. हात लावायचा नाही, वाट अडवायची नाही. ते श्वासाला वर आलं, डोकं काढलं, परत खाली गेलं.

मुलीने हाक मारली तेव्हा पाऊण तास झाला होता. जमिनीवर मी एवढा वेळ सलग उभाही राहू शकत नाही. बाहेर निघताना मात्र सावकाश: पाणी छातीपासून मांडीपर्यंत येताच सगळं वजन पुन्हा कमरेवर बसतं. कमरेएवढ्या पाण्यात दोन मिनिटं थांबा, मग कोणाचा तरी हात धरून वाळूवर या.